व्हिसा रिन्यूअल आणि घरची सुट्टी: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडबंदर रोड घ्या, कळवा घ्या, ऐरोली नाहीतर खारघर घ्या, प्रत्येक सोसायटीत एक तरी घर असं असतं की ज्यातलं कोणीतरी बाहेर आहे. माझा भाऊ न्यू जर्सीत, मी स्वतः काही वर्षं दुबईत होते आणि आता ठाण्यात आहे, त्यामुळे प्रश्न दोन्ही बाजूंनी येतात, तिकडे अडकलेल्यांचे आणि इकडे वाट बघणाऱ्या आई-बाबांचे पण. अमेरिकेबद्दल जास्त लिहिलंय कारण २०२५ पासून सगळ्यात जास्त हाल तिथल्यांचे झालेत. मी वकील नाही, नियम मध्येच बदलतात, तिकीट काढायच्या आधी सरकारी साइट आणि कंपनीचा अटर्नी या दोघांकडून खात्री करून घ्याच.

प्र. मुलाच्या पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा संपलाय, मग तो तिथे बेकायदेशीर राहतोय का?

नाही, अजिबात नाही, आणि या एका गैरसमजापायी कितीतरी आई-वडिलांची झोप उडते. पासपोर्टवरचा व्हिसा, म्हणजे ज्याला सगळे स्टॅम्प म्हणतात तो, फक्त आत शिरायला लागतो. गडकरी रंगायतनला दारावर तिकीट बघतात, आत बसल्यावर कोणी विचारत नाही, पण मध्यंतरात बाहेर पडून परत आत यायचं तर तिकीट दाखवावं लागतं, तसंच आहे हे. तिथे किती दिवस राहायचं ते ठरतं आय-९४ वर (देशात शिरताना मिळणारी नोंद, त्यावर राहायची शेवटची तारीख असते), आणि एच-वन-बी वाल्यांसाठी, म्हणजे कंपनीने नोकरीसाठी नेलेल्यांसाठी, कंपनीने केलेल्या पिटिशनवर (सरकारकडच्या अर्जावर), ज्याची मंजुरी आय-७९७ या कागदावर येते. ते दोन्ही चालू असेल तर स्टॅम्प संपून तीन वर्षं झाली तरी माणूस कायदेशीर राहतो, नोकरी करतो, घर घेतो. अडचण एकच, तो देशाबाहेर पडला की परत आत जायला नवा स्टॅम्प लागतो.

म्हणून "तीन वर्षं झाली, येत का नाही" या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा त्या स्टॅम्पमध्ये असतं, मुलाच्या मायेत काही कमी झालेलं नसतं. इकडच्यांनी हे समजून घेतलं ना तर तिकडच्यांच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरेल.

प्र. मग तो स्टॅम्प अमेरिकेतच का नाही मिळत? बाकी सगळं तर तिथे होतं.

पूर्वी मिळायचा. २००४ पर्यंत पासपोर्ट पोस्टाने पाठवून काही प्रकारचे व्हिसा तिथल्या तिथे रिन्यू होत, मग बोटांचे ठसे घेणं सक्तीचं झालं आणि ती सोय बंद पडली. २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत एक प्रयोग केला होता, फक्त एच-वन-बी साठी, २०,००० अर्जांची मर्यादा, आणि ज्यांचा आधीचा व्हिसा ठराविक काळात भारतातून किंवा कॅनडातून मिळालेला होता त्यांनाच. लोकांना वाटलं आता सुटलो. पण त्याची कायमची सोय काही झाली नाही, त्यामुळे अजून तरी बाहेर येऊनच स्टॅम्पिंग करावं लागतं.

प्र. एक्स्टेन्शन पेंडिंग असताना नोकरी चालू ठेवता येते का?

आय-९४ संपायच्या आत कंपनीने अर्ज टाकला असेल तर त्याच कंपनीत २४० दिवसांपर्यंत काम करता येतं. अर्ज सहा महिने आधीपासून टाकता येतो, तेव्हा एचआरच्या मागे लागा, लाजू नका. प्रीमियम प्रोसेसिंग घेतलं तर १५ कामकाजाच्या दिवसांत काहीतरी उत्तर येतं, मंजुरी किंवा अजून कागद मागणारं पत्र. एच-फोर वरच्या बायको-मुलांचा अर्ज वेगळा असतो, तो कंपनी आपोआप करेल असं धरून बसू नका, विचारा.

एच-वन-बी ची एकूण मर्यादा सहा वर्षांची. त्यापुढे राहायचं तर ग्रीन कार्डची प्रोसेस पुढे गेलेली हवी, आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनी टाकते तो अर्ज) मंजूर असेल आणि ग्रीन कार्डचा नंबर लागलेला नसेल तर तीन-तीन वर्षांनी वाढवून मिळतं. भारतीयांची लाइन एवढी लांब आहे (एका देशाला वर्षाला ७ टक्क्यांची मर्यादा) की या तीन-तीन वर्षांच्या चक्रात मुलं दहावीला पोचतात.

प्र. व्हिसा तीन वर्षांचा मिळाला पण एअरपोर्टवर आय-९४ कमी दिवसांचं दिलं, असं का?

पासपोर्ट बघा. पासपोर्ट आधी संपत असेल तर तिथला ऑफिसर बऱ्याचदा पासपोर्टच्या तारखेपर्यंतच आय-९४ देतो. हे कोणाच्या लक्षातच येत नाही कारण आता कागद हातात मिळत नाही, साइटवर जाऊन बघावं लागतं, आणि लोक स्टॅम्पवरची तारीख धरून निवांत राहतात. भारतातून परत गेलात की घरी पोचल्यावर बॅगा उघडायच्या आधी आय-९४ डाउनलोड करा आणि तारीख वाचा. सगळ्यांची. बायकोची वेगळी असू शकते, पोराची पण वेगळी असू शकते.

पासपोर्ट संपायला वर्षाच्या आत आलाय तर आधी तोच रिन्यू करा, तिथूनच करा. ठाण्यात सुट्टीवर आल्यावर वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात करू असं म्हणणारे बरेच असतात, होतं पण ते, फक्त पोलिस व्हेरिफिकेशन आलं तर दिवस जातात आणि सुट्टी असते तीन आठवड्यांची. जुन्या पासपोर्टवर चालू व्हिसा असेल तर काउंटरवर सांगा की व्हिसाच्या पानाला धक्का लावू नका, आणि प्रवासात दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवा. जुन्यातला व्हिसा चालतो.

प्र. ड्रॉपबॉक्स आहे ना? कागद टाकले की झालं?

ड्रॉपबॉक्स म्हणजे इंटरव्ह्यू न देता नुसते कागद टाकून व्हिसा रिन्यू करायची सोय, एच-वन-बी आणि एच-फोरसाठी ती आता नाही. कोविडच्या काळात ही सवलत खूप वाढवली होती, जुना व्हिसा संपून ४८ महिने झाले तरी इंटरव्ह्यूशिवाय काम व्हायचं. २०२५ च्या फेब्रुवारीत ते १२ महिन्यांवर आणलं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून एच वाल्यांना त्यातून बाहेरच काढलं. आता इंटरव्ह्यू, लहान मुलांना पण. कोणी म्हणालं "आमचं तर ड्रॉपबॉक्समध्ये झालं होतं", तर केव्हा झालं ते विचारा, वर्षभरापूर्वीची माहिती आज उपयोगाची नाही.

प्र. डिसेंबर २०२५ मध्ये नक्की झालं काय? आमच्या ओळखीतले लोक अजून इकडेच आहेत.

अमेरिकेने जाहीर केलं की १५ डिसेंबरपासून एच-वन-बी आणि एच-फोर अर्जदारांचं सोशल मीडिया पण तपासणार, आणि त्यासाठी सगळे प्रोफाइल पब्लिक करून ठेवा. एकेक अर्ज बघायला वेळ जास्त, म्हणून रोजचे इंटरव्ह्यू कमी केले, आणि डिसेंबरच्या ज्या अपॉइंटमेंट आधीच मिळालेल्या होत्या त्या पुढच्या वर्षावर ढकलल्या, कोणाला मार्च, कोणाला त्याच्याही पुढे. लोक तोवर विमानातून उतरलेले होते. नाताळच्या सुट्टीला जोडून आलेली माणसं, परतीचं तिकीट जानेवारीचं, तिकडे घराचा हप्ता चालू, गाडी पार्किंगमध्ये.

आमच्या सोसायटीतल्या एका घरी मी त्या आठवड्यात गेले होते. डायनिंग टेबलवर दोन लॅपटॉप, मुलगा रात्री तिकडच्या वेळेनुसार काम करतोय, सून पहाटे उठून तिसरीतल्या मुलीच्या शाळेला मेल लिहितेय की आम्ही अजून आलो नाही, तिचं नाव काढू नका. आजी-आजोबांना नात घरात आहे याचा आनंद करावा की काळजी करावी हेच कळेना. त्या मुलाने एकही गोष्ट चुकीची केली नव्हती, कागद सगळे बरोबर, अपॉइंटमेंट वेळेत घेतलेली. म्हणून "नीट प्लॅनिंग केलं असतंत तर" असं अशा माणसांना कोणी म्हणू नका, ते फार लागतं.

प्र. मग बहिणीच्या लग्नाला, गणपतीला यायचं की नाही?

सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हाच, आणि याचं सरसकट उत्तर देता येत नाही, पण माझं स्पष्ट मत सांगते. पासपोर्टवर चालू स्टॅम्प असेल आणि परतीच्या तारखेला पण तो चालूच असणार असेल तर बिनधास्त या, दहा दिवस या, दीड दिवसाच्या गणपतीला या. स्टॅम्प संपलेला असेल, म्हणजे इथे येऊन इंटरव्ह्यू द्यायचाच असेल, तर फक्त लग्नासाठी येताय असं समजू नका, दोन-तीन महिने अडकू शकतो असं धरूनच निघा, आणि तेवढं परवडणार नसेल तर येऊ नका. व्हिडिओ कॉलवर अक्षता टाकताना बघणं वाईट वाटतं, खूप वाटतं, पण नोकरी गेली तर त्या घरातल्या चार माणसांचं आयुष्य विस्कटतं.

आजारपणाचं वेगळं आहे. बाबा आयसीयूत असतील तर स्टॅम्पचा हिशोब कोणी करत नाही आणि करूही नये. इमर्जन्सी अपॉइंटमेंटची विनंती टाकता येते. आधी नेहमीची फी भरून मिळेल ती तारीख बुक करावी लागते, मग अर्ज, सोबत हॉस्पिटलचं पत्र. मिळेलच असं नाही, पण टाकाच. आणि ज्यांचे आई-वडील सत्तरीच्या पुढचे आहेत त्यांनी घरात सगळं ठीक आहे तेव्हाच, शांतपणे, एकदा येऊन स्टॅम्पिंग उरकून जावं, म्हणजे रात्री दोनला फोन आला तर निदान विमानात बसता येईल.

प्र. कॅनडा किंवा मेक्सिकोत जाऊन स्टॅम्प करून आलो तर?

तो रस्ता जवळपास बंद झालाय. सप्टेंबर २०२५ पासून ज्या देशाचे नागरिक आहात किंवा जिथे राहता तिथेच अर्ज करा असा नियम आहे, म्हणजे आपल्याला भारत. फिरायला जायचं असेल तर मात्र सोय आहे, आय-९४ चालू असेल तर ३० दिवसांच्या आत कॅनडा-मेक्सिको करून संपलेल्या स्टॅम्पवर परत आत जाता येतं, पण तिथे असताना नवीन व्हिसाचा अर्ज केलात तर ही सवलत जाते.

प्र. बीकेसीला इंटरव्ह्यूच्या दिवशी काय काय लक्षात ठेवायचं?

आधी एक दिवस फोटो आणि बोटांचे ठसे, तो सेंटर वेगळा, आणि इंटरव्ह्यू बीकेसीच्या अमेरिकन कॉन्स्युलेटमध्ये वेगळ्या दिवशी. दोन्ही पत्ते कन्फर्मेशनवर नीट वाचा. ठाण्याहून जाणार असाल तर सकाळच्या सगळ्याच फास्ट गाड्या कुर्ल्याला थांबतात असं नाही हे बघून ठेवा, नाहीतर स्लो पकडा, कुर्ला वेस्टहून रिक्षा नाहीतर बस. वाशी-ऐरोलीवाल्यांनी पण कुर्लाच. गाडीने जायचं तर सायन-कुर्ला पट्ट्यात अडकण्याची तयारी ठेवून घरून लवकर निघा, पावसाळ्यात तर आदल्या रात्री बांद्र्याच्या नातेवाइकांकडे राहिलेलं परवडलं.

फोन, स्मार्टवॉच, इअरफोन, पेन ड्राइव्ह काही आत नेता येत नाही. सोबत कोणीतरी आणा आणि त्याच्याकडे सगळं द्या. फोल्डरमध्ये पासपोर्ट जुने-नवे, डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) चं कन्फर्मेशन, अपॉइंटमेंट लेटर, आय-७९७ ओरिजिनल, पिटिशनची कॉपी, अलीकडच्या पे स्लिप, डब्ल्यू-टू (वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा कागद), कंपनीचं पत्र, क्लायंटकडे काम करत असाल तर त्यांचं पत्र. फोटो दोन बाय दोन इंच, पांढरा बॅकग्राउंड, चष्मा काढून. गोखले रोड, राम मारुती रोडच्या स्टुडिओत "अमेरिकन व्हिसाचा" म्हटलं की माप त्यांना माहीत असतं, तरी मोजून घ्या.

खिडकीवर प्रश्न साधे असतात: कुठली कंपनी, काय काम, पगार किती, किती वर्षं आहात. भाऊ सांगत होता की त्याच्या पुढचा मुलगा एवढा पाठ करून आलेला की प्रश्न संपायच्या आत उत्तर सुरू, आणि ऑफिसरने दोनदा थांबवलं त्याला. तुमचंच काम आहे, दुसऱ्या टीममधल्या मित्राला जसं सांगाल तसं सांगा. डीएस-१६० मध्ये गेल्या पाच वर्षांतले सोशल मीडियाचे हँडल विचारतात, तिथे जे लिहिलंय तेच खरं असायला हवं, एखादं जुनं अकाउंट लपवलं आणि त्यांना दिसलं तर ते फार महागात पडतं.

प्र. २२१-जी ची चिठ्ठी दिली. म्हणजे रिजेक्ट?

अंतिम नकार नाही. एकतर कागद कमी आहेत किंवा अजून तपासणी करायची आहे. साइटवर स्टेटस "रिफ्यूज्ड" असं दिसतं आणि ते वाचून घरात रडारड होते, पण तपासणी चालू असताना ते तसंच दाखवतात. चिठ्ठीवर जे मागितलंय ते पूर्ण आणि एकदाच पाठवा. कधी आठवड्यात सुटतं, कधी महिने लागतात, आणि दर दोन दिवसांनी मेल टाकून ते लवकर होत नाही. कंपनीला त्याच दिवशी कळवा.

प्र. अडकलो तर ठाण्यातून काम करता येतं का?

कंपनीने परवानगी दिली तर. काही कंपन्या काही आठवडे देतात, काही सरळ बिनपगारी रजा, आणि काही प्रोजेक्टचा डेटा भारतातून उघडायलाच मनाई असते, म्हणून येण्याआधी हे लेखी घेऊन ठेवा. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात झाले की इथल्या टॅक्सच्या दृष्टीने रहिवासी ठरता, सीएला वेळेत गाठा. आणि एक दिलासा, देशाबाहेर काढलेले दिवस सहा वर्षांच्या मर्यादेतून परत मागता येतात, त्यासाठी बोर्डिंग पास आणि शिक्के जपून ठेवा.

मूल अमेरिकेत जन्मलेलं असेल तर ते तिकडचं नागरिक, त्याला आपल्याकडे यायला व्हिसा लागतो, त्यापेक्षा ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारं कार्ड) काढून ठेवा. मुक्काम लांबला तर त्या पोराची तरी चिंता राहत नाही.

प्र. लग्नानंतर सुनेचं नाव बदललंय, आता एच-फोरला त्रास होईल?

होऊ शकतो, आणि हा आपल्याकडचा खास प्रकार आहे. आडनाव बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आणि काही घरांत अजूनही तांदळात अंगठीने नवीन नाव लिहून पहिलं नाव पण बदलतात. मग डिग्री एका नावाची, पासपोर्ट दुसऱ्या, मॅरेज सर्टिफिकेट तिसऱ्याच स्पेलिंगचं. माझं आग्रहाचं सांगणं आहे की बाहेर जायचं असेल तर पासपोर्टवरचं नाव बदलूच नका, कायद्याने बदलायची सक्ती नाही, घरात हवं त्या नावाने हाक मारा. बदललंच असेल तर राज्याच्या गॅझेटमधली नोंद, महापालिकेचं मॅरेज सर्टिफिकेट आणि नवा पासपोर्ट या तिन्हीत एकेक अक्षर जुळतंय ना ते बघा. डीएस-१६० मध्ये पूर्वीचं नाव विचारतात, तिथे माहेरचं लिहा.

प्र. एक एजंट पैसे घेऊन लवकरचा स्लॉट देतो म्हणतोय.

नको. २०२५ च्या मार्चमध्ये दिल्लीच्या अमेरिकन दूतावासाने बॉट्स वापरून घेतलेल्या साधारण २,००० अपॉइंटमेंट रद्द केल्या आणि त्या अकाउंटची सोय पण थांबवली. शिवाय लॉगिन-पासवर्ड परक्याच्या हातात जातो. एच वर्गाची फी २०५ डॉलर आहे, ती साइटवर स्वतः भरा.

प्र. एक लाख डॉलरची फी आपल्याला पण भरावी लागणार का?

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-वन-बी वर ही फी लावणारा आदेश काढला, तो नवीन पिटिशनसाठी आहे, २१ सप्टेंबरच्या आधी टाकलेल्या पिटिशनला किंवा आधीच्या व्हिसावर येण्याजाण्याला तो लागू नाही असं त्यांनी नंतर स्पष्ट केलं. तुमची केस नक्की कशात बसते ते अटर्नीला विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपला नको.

प्र. दुबईचं काय?

त्या मानाने खूप सोपं. सगळं तिथल्या तिथे होतं, मेडिकल (रक्त आणि छातीचा एक्स-रे), एमिरेट्स आयडी, झालं. २०२२ पासून पासपोर्टवर स्टिकर पण नाही, आयडी हाच पुरावा. जास्त राहिलात तर दिवसाला ५० दिरहम दंड.

फसतात ते बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुली. सातव्या महिन्यात आल्या, बाळ झालं, सव्वा महिना झाला, बारसं झालं, मग आई म्हणते अजून थोडं थांब, आणि सहा महिने उलटतात. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की रेसिडेन्स व्हिसा रद्द होऊ शकतो. योग्य कारण दाखवून परत जायची परवानगी मागता येते, पण त्यापेक्षा तारीख आधीच कॅलेंडरवर लिहा. बाळाचा जन्मदाखला, पासपोर्ट, मग एंट्री परमिट याला पण वेळ लागतो, बाळाचं नाव लवकर ठरवा.

प्र. यूके आणि जर्मनी?

यूकेत मुदत संपायच्या आत अर्ज केला की निर्णय येईपर्यंत जुने हक्क चालू राहतात, पण तो पेंडिंग असताना देशाबाहेर पडलात तर अर्ज मागे घेतला असं धरतात. आईला बघायला चार दिवस ठाण्याला येऊन जातो म्हटलं तरी. राहण्याच्या परवान्याची कार्डं बंद झालीत, आता ई-व्हिसा (ऑनलाइन नोंद), नवा पासपोर्ट आला की तो अकाउंटला जोडा. आणि हेल्थ सरचार्ज (तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरायची फी) मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पाउंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम भरावा लागतो, त्याची तयारी वर्षभर आधीपासून.

जर्मनीत मोठ्या शहरांत परदेशी नागरिक कार्यालयाची अपॉइंटमेंट मिळणंच अवघड. मुदतीच्या आत अर्ज टाका आणि फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग नावाचा कागद मागून घ्या. त्यावर कलम ८१ परिच्छेद ४ वर खूण असेल तर बाहेर जाऊन परत येता येतं, परिच्छेद ३ वर असेल तर त्या कागदावर परत आत घेत नाहीत. निघायच्या आधी ती खूण स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

प्र. सुट्टीत लोकलमध्ये पासपोर्टच चोरीला गेला तर?

त्याच दिवशी पोलिसांत तक्रार, रेल्वेत गेला असेल तर रेल्वे पोलिसांकडे, आणि त्याची प्रत घ्या. मग पासपोर्ट सेवा केंद्रात री-इश्यूचा अर्ज, आणि व्हिसा ज्या देशाचा होता त्यांच्या वकिलातीला कळवा. अमेरिकेचा व्हिसा गेला तर नवीन पासपोर्टवर नवीनच अर्ज आणि इंटरव्ह्यू, आणि हरवलेला म्हणून कळवलेला पासपोर्ट नंतर सापडला तरी त्यावरचा व्हिसा वापरता येत नाही. पासपोर्ट, व्हिसा, आय-९४, आय-७९७ यांचे स्कॅन ईमेलवर असू द्या, आणि बाजारात जाताना पासपोर्ट घरच्या कपाटात ठेवा, कोणी विचारलंच तर आधारने काम भागतं.